आबांचे कृषिमंत्री

माझ्या वडिलांना, म्हणजे आबांना, देशाचा पंतप्रधान कोण झाला यात फारसा रस नसायचा. कृषिमंत्री कोण झाला हे मात्र त्यांना शपथविधीच्या दिवशीच कळायला हवं असे. रेडिओवर मंत्र्यांची खाती वाचून दाखवायला सुरुवात झाली की ते हात वर करून घरातल्या सगळ्यांना गप्प बसवत. संरक्षण, अर्थ, परराष्ट्र अशी खाती येऊन जात, तिकडं त्यांचं लक्ष नसे. कृषी आलं की ते मान पुढं काढून नाव ऐकत. तो माणूस कुठल्या राज्यातला, तिकडं काय पिकतं, याचा थोडा विचार करत आणि आईकडं वळून निकाल देत, "गव्हाच्या मुलखातला हाय. आपल्या बाजरीचं ह्याला काय कळंल?" किंवा, "हा बरा हाय. कोरडवाहू भागातला हाय."

आई भाकरी थापत म्हणायची, "त्यो कुटलाबी आसू द्या. पाऊस त्याच्या हातात हाय का?"

"पाऊस न्हाई. बाकी समदं त्याच्याच हातात हाय," आबा म्हणायचे.

आमचं गाव गेवराई तालुक्यात, चकलांब्यापासून जवळ. गोदावरी तालुक्यातूनच वाहते, पण आमच्या शिवाराला तिचा काही उपयोग नाही. जमीन मध्यम, काही ठिकाणी मुरमाड. कापूस, तूर, बाजरी. आबांची शेती गावातल्या चांगल्या शेतीत मोडायची. त्यांचा शब्दही गावात चालायचा. ते सरपंच कधी झाले नाहीत, निवडणुकीला उभेही राहिले नाहीत. पण मृगाच्या आधी लोक संध्याकाळी आमच्या ओट्यावर येऊन बसत आणि यंदा काय पेरायचं ते आबांना विचारत. आबा सांगत आणि बरेच जण तसंच करत.

कृषिमंत्र्यावरची त्यांची ही श्रद्धा बहात्तरच्या दुष्काळातली. ते तेव्हा ऐन विशीत होते. रोजगाराच्या कामावर खडी फोडायला जायचे. विहिरी आटलेल्या, जनावरं विकलेली, घरात दाणा नाही. अशा वेळी गेवराईला लाल ज्वारीची पोती उतरली. मिलो म्हणायचे तिला. परदेशातून आलेली, चवीला कडवट, भाकरी थापली तर तुटायची. पण त्या मिलोनं आणि कामावर खायला मिळणाऱ्या सुकडीनं आमच्या घरातली माणसं जगली. आबांनी त्या वयात एक गोष्ट मनाशी ठरवून टाकली. दिल्लीत एक माणूस बसलेला असतो. त्याच्यासमोर सगळ्या देशाचा नकाशा असतो. कुठल्या तालुक्यात दाणा संपला, कुठं पेरणी खोळंबली, हे त्याला दिसतं, आणि तो पोती रवाना करतो. त्या माणसाला कृषिमंत्री म्हणतात.

पुढं मी त्यांना पुष्कळ सांगून पाहिलं की धान्य वाटणं वेगळं आणि शेती वेगळी; पूर्वी ही दोन्ही कामं बऱ्याचदा एकाच मंत्र्याकडं असायची, आता नसतात. त्यांच्या डोक्यात ते कधी शिरलं नाही.

मंत्र्यांची नावं त्यांना पाठ होती, पण बोलताना ते नावं घेत नसत. पिकावरून ओळखायचे. मिलोचा मंत्री. हायब्रीडचा मंत्री, म्हणजे ज्याच्या काळात संकरित ज्वारी आमच्याकडं आली तो. ती ज्वारी रान भरून आली, पण खायला गोड लागेना. आबांनी तरी त्या मंत्र्याला दोष दिला नाही. "पोटाला आणली त्यानं. जिभंला आणली न्हाई," म्हणायचे. मग सूर्यफुलाचा मंत्री. देशात तेल कमी पडतंय, तेलबिया लावा, असं सरकार म्हणत होतं तेव्हा आबांनी आमच्या शिवारात पहिल्यांदा सूर्यफूल लावलं. मी लहान होते. त्या पिवळ्या रानाच्या बांधावर शेजारच्या गावची माणसं येऊन उभी राहायची आणि आबा त्यांना, जणू मंत्र्यानं स्वतः येऊन बी हातात दिलंय अशा थाटात, सगळं समजावून सांगायचे. काही मंत्री मात्र पेरणीनंतर आले आणि काढणीच्या आत गेले. त्यांना आबांकडं नाव नव्हतं.

आबांचे एक दोस्त होते. आम्ही त्यांना काका म्हणायचो. ते आमच्या भावकीतले नव्हते. त्यांचं घर गावाच्या दुसऱ्या टोकाला, बुद्धविहाराच्या मागं. दोघं गावच्या शाळेत एका वर्गात होते. माझे आजोबा जिवंत होते तोवर काका आमच्याकडं आले तर ओसरीच्या खाली उभे राहूनच बोलायचे. आजोबा गेल्यावर आबांनी त्यांना हाताला धरून आत नेलं आणि चुलीपाशी आपल्या शेजारी जेवायला बसवलं. आई सांगायची, त्या दिवशी दोघांपैकी कुणीच जेवताना बोललं नाही. नंतर त्यावर त्यांच्यात कधी बोलणं झालं असेल असं मला वाटत नाही.

काका एसटीत ड्रायव्हर होते. गेवराई, बीड, माजलगाव, धारूरचा घाट, सगळे रस्ते त्यांच्या हाताखालून गेलेले. नोकरीच्या पगारातून त्यांनी आमच्या रानाला लागून थोडी जमीन घेतली. त्यांच्या घराण्यात स्वतःच्या मालकीची ती पहिली जमीन. ते गंमतीनं म्हणायचे, "ष्टेअरिंग मला कळतं, ढेकळं तुला कळत्यात." दर साली पेरणीच्या तोंडावर ते आमच्या ओट्यावर यायचे, टोपी काढून मांडीवर ठेवायचे आणि विचारायचे, "मंग? काय पेरायचं बे औंदा?" आबा सांगायचे आणि काका तेच पेरायचे. फक्त एका गोष्टीत ते ऐकत नसत. रानाचा एक तुकडा ते घरच्या बाजरीला ठेवायचेच. काकूंना दुकानातली बाजरी चालायची नाही. लहानपणी दुसऱ्याच्या खळ्यावरून मागून आणलेल्या बाजरीवर वाढलेली बाई ती. स्वतःच्या रानातली बाजरी स्वतःच्या कणगीत, हा तिचा हट्ट होता.

मी औरंगाबादला हिंदीत एम. ए. केलं आणि परीक्षा देऊन दिल्लीला सरकारी अनुवादक म्हणून लागले. नेमणूक कृषी मंत्रालयात झाली. हा योगायोग. आबांना मात्र तो योगायोग वाटला नाही. त्यांनी गावात पेढे वाटले आणि सांगितलं, "पोरगी मंत्र्यापाशी हाय."

मी मंत्र्यापाशी नव्हते. मी एका लांबट खोलीत इतर अनुवादकांबरोबर बसायचे आणि इंग्रजी मसुदे हिंदीत करायचे. बहुतेक संसदेतल्या प्रश्नांची उत्तरं असायची. कुणी खासदार विचारायचा, अमुक जिल्ह्यात खत कमी का पडलं? उत्तरात आम्ही लिहायचो की खताचा विषय दुसऱ्या मंत्रालयाचा आहे. कालव्याचं पाणी का आलं नाही? तेही दुसरं खातं. साखर दुसऱ्याकडं. आयात-निर्यात आणखी कुणाकडं. उरलेल्या पुष्कळ प्रश्नांना एक ठरलेलं वाक्य असायचं, शेती हा राज्यांचा विषय आहे. ते वाक्य मी इतक्यांदा लिहिलं की पुढं मसुदा न वाचताही लिहू शकले असते.

सुट्टीत गावी आले की मी आबांना हे सांगायचे. ते शांतपणे ऐकून घ्यायचे आणि विचारायचे, "मंग मंत्री करतो काय?"

"हमीभावाची शिफारस करतो. योजना आखतो, राज्यांना पैसे देतो, बियाणं, संशोधन, विमा बघतो. बैठका घेतो."

"म्हणजी समदं त्योच करतो की."

मी हसून विषय सोडून द्यायचे. मला वाटायचं, म्हाताऱ्या माणसाची एक समजूत आहे, राहू दे. आज वाटतं की तेव्हाच बसून नीट, पुन्हा पुन्हा, त्यांच्या गळी उतरेपर्यंत सांगायला हवं होतं. पण मी सांगून ते ऐकणारे नव्हते, हेही खरं.

एकदा आबा आणि आई दिल्लीला माझ्याकडं आले. आबांना लाल किल्ला बघायचा नव्हता. त्यांना माझं ऑफिस बघायचं होतं. पास काढून मी त्यांना आत नेलं. वरच्या मजल्यावर एका भिंतीवर आजवरच्या कृषिमंत्र्यांचे फोटो ओळीनं लावलेले होते. आबांनी दारातच चपला काढल्या. मी म्हटलं, "आबा, इथं चपला काढत नाहीत." त्यांनी ऐकलं नाही. अनवाणी त्या फरशीवरून ते एकेका फोटोसमोर उभे राहत गेले. मिलोच्या मंत्र्यासमोर त्यांनी हात जोडले. हायब्रीडच्या मंत्र्याला म्हणाले, "हा लईच बारीक होता की!" सूर्यफुलाच्या मंत्र्यापाशी आईला बोलावून दाखवलं. आई म्हणाली, "ह्यो व्हय त्यो," आणि तिनंही हात जोडले. येणारे-जाणारे अधिकारी वळून बघत होते. मला थोडी लाज वाटत होती आणि थोडं रडूही येत होतं.

तेवढ्यात त्या वेळचे मंत्री लिफ्टमधून बाहेर आले. धोतर-कुडत्यातला उंच, सावळा माणूस. स्वतः शेतकऱ्याच्या घरातून आलेला. आबांच्या अनवाणी पायांकडं त्यांचं लक्ष गेलं. थांबून त्यांनी विचारलं, "कहाँ से, बाबा?"

"बीड, महाराष्ट्र," आबा म्हणाले.

"वहाँ तो पानी की बहुत दिक्कत है."

एवढंच बोलून ते गेले. परतीच्या प्रवासात आणि पुढं कित्येक महिने आबा हे वाक्य सगळ्यांना सांगत होते. बीडला पाण्याची अडचण आहे हे मंत्र्याला माहीत आहे. नकाशा खरंच समोर आहे.

मग डाळीचं वर्ष आलं.

आदल्या साली डाळ फार महाग झाली होती. दिल्लीत आमच्या डब्यातलं वरणसुद्धा पातळ झालं होतं. सरकारनं ठरवलं की देशातच जास्त डाळ पिकवायची. मंत्र्यांनी रेडिओवरून, टीव्हीवरून शेतकऱ्यांना आवाहन केलं, डाळी पेरा, सरकार तुमच्या पाठीशी आहे. आबांच्या दृष्टीनं तर हा ओळखीचा माणूस बोलत होता. बीडला पाण्याची अडचण आहे हे ज्याला माहीत आहे, तो कमी पाण्याची तूर लावा म्हणतोय, यात सगळं आलं.

आमच्याकडं तूर कायमच असते, पण कापसात मधूनमधून एखादं तास, म्हणजे ओळ. सलग रानभर तूर फार कुणी लावत नसे. त्या साली आबांनी सगळ्या ओट्याला सांगितलं, सलग तूर लावा. लोकांनी शंका काढल्या. आबा म्हणाले, "मंत्री सोता म्हणलाय. आन माही पोरगी तितं हाय."

काका टोपी मांडीवर ठेवून बसले होते. ते म्हणाले, "मी लावतो. पर बाजरीचा तुकडा बाजरीलाच ठिवतो."

"कावून? त्या तुकड्यात अशी किती बाजरी व्हणार? तूर लाव. तुरीच्या पैशात बाजरी घेशील."

"तुजी वहिनी ऐकायची न्हाई."

"तिला मी सांगतो," आबा म्हणाले, आणि खरंच दुसऱ्या दिवशी जाऊन काकूंना सांगून आले. काकूंनी डोक्यावरचा पदर सारखा केला आणि एवढंच म्हणाल्या, "तुमी म्हणताव तर लावा, भावजी."

त्या साली पाऊसही लागून पडला. अशी तूर आमच्या शिवारानं कधी पाहिली नव्हती. दिवाळीला मी गावी गेले तेव्हा माणूस उभा दिसू नये एवढी झाडं वाढली होती. फुलोऱ्यानं वाकली होती. आबा मला बांधावरून फिरवत होते. त्यांचा चेहरा सूर्यफुलाच्या साली होता तसा झाला होता.

खळी झाली आणि भाव पडला. देशभर सगळ्यांनीच तूर लावली होती आणि ती सगळ्यांकडं पिकली होती. शिवाय बाहेरून मागवलेली डाळही जहाजांनी येतच राहिली. गेवराईच्या मोंढ्यात व्यापारी पोत्याला हात लावायला तयार नव्हते. सरकारी खरेदी सुरू झाली. ट्रॅक्टरच्या रांगा रस्त्यापर्यंत आल्या. कधी बारदाना, म्हणजे रिकामी पोती, नाही म्हणून माप थांबायचं, कधी जागा नाही म्हणून. आबा रांगेत पोत्यावर झोपले आणि कसाबसा त्यांचा माल मापाला लागला. गावातल्या बऱ्याच जणांचा लागला नाही. काकांचा लागला नाही. त्यांच्या घराला माल साठवायला जागा नव्हती, म्हणून त्यांनी मिळेल त्या भावात मोंढ्यात देऊन टाकला.

कुणी उपाशी मेलं नाही. काकांना पेन्शन होती. पण त्या हिवाळ्यात काकूंनी गेवराईच्या बाजारातून बाजरी विकत आणली. आईला ते दळणाच्या गिरणीत कळलं. आईनं घरी येऊन सांगितल्यावर आबा जेवत्या ताटावरून उठले. काकूंनी पुढं कधी एक शब्द काढला नाही. त्यांनी भांडण केलं असतं तर बरं झालं असतं, असं आई म्हणायची.

आबा काकांच्या गल्लीतून जायचं टाळू लागले. विहाराकडचा रस्ता जवळचा असूनही ते रानात मागच्या वाटेनं जात. ओट्यावर लोक येत, पण आबा आता बोलण्यापेक्षा ऐकतच जास्त.

उन्हाळ्याच्या तोंडावर आमच्या भागात गारपीट झाली. आंब्याचा मोहर, उभा गहू, हरभरा, सगळं आडवं झालं. नुकसान बघायला केंद्रीय मंत्र्यांचा दौरा ठरला. बरोबर मराठी जाणणारं कुणी हवं म्हणून मला नेलं. ताफा गेवराईवरून आमच्या भागात शिरणार होता आणि ठरलेल्या गावांच्या यादीत आमचं गाव निघालं. मी आबांना फोन करून कळवलं. ते नुसतं "बरं" म्हणाले.

शाळेच्या पटांगणात मांडव घातला होता. मंत्री तेच होते, लिफ्टपाशी भेटलेले. त्यांनी रानात जाऊन गारांनी झोडपलेला गहू हातात घेऊन पाहिला होता आणि त्यांचे जोडे चिखलानं भरले होते. भाषण झालं. मग ते म्हणाले, कुणाला काही विचारायचं असेल तर विचारा. माझं काम मराठीचं हिंदी करायचं होतं, पण निजामाच्या मुलखातल्या माणसाला हिंदीसाठी मध्यस्थ लागत नाही. आबा उभे राहिले आणि थेट बोलू लागले.

"साब, गारपीट तो ऊपरवाले ने किया. उसका पूछना नहीं. आप रेडिओपे बोले, दाल पेरो. हम पेरे. मैंने पूरे गाँव को पेरने लगाया. फिर बाहर से जहाज भरके दाल कायकू मंगाए?"

कलेक्टर कचेरीतली माणसं चुळबुळ करू लागली. मंत्र्यांनी आबांकडं नीट पाहिलं. त्यांनी आबांना ओळखलं का, हे मला कधी कळलं नाही. ते सरकारी पद्धतीचं काहीतरी बोलले, देशाची गरज, ग्राहकाचं हित, पुढच्या हंगामात काळजी घेऊ. लोकांनी टाळ्या वाजवल्या नाहीत. मांडवातून निघताना मंत्र्यांनी मला विचारलं, "हे कोण?" मी सांगितलं, "माझे वडील." ते म्हणाले, "त्यांना आत बोलवा."

मुख्याध्यापकांच्या खोलीत आम्ही चौघंच होतो. मंत्री, आबा, मी, आणि आबांनी मनगटाला धरून आत ओढून आणलेले काका. मंत्री हिंदीतून बोलत होते. मी इथं मराठीत लिहिते आहे.

ते म्हणाले, "बाबा, बाहेर बोललो ते बोलावं लागतं. तुम्हाला खरं सांगतो. बाहेरची डाळ थांबवा म्हणून मी सांगितलं होतं. एकदा नाही, पुष्कळदा. माझं चाललं नाही. आयात माझ्या खात्यात येत नाही. शहरात डाळ महागली की सरकार घाबरतं. गावात स्वस्त झाली तर कुणी घाबरत नाही."

आबांनी विचारलं, "मतलब, ये आप के हात में नहीं?"

"पेरा म्हणून सांगणं माझ्या हातात आहे. पिकलेलं सगळं विकत घेणं नाही."

"फिर आप बोले कायकू?"

मंत्र्यांनी पाण्याचा ग्लास उचलला, ठेवला. मग म्हणाले, "मला वाटलं होतं, यंदा माझं ऐकतील."

मी इतकी वर्षं त्या इमारतीत काम करत होते, पण इतकं साधं आणि खरं वाक्य मी तिथं कुणाच्या तोंडून ऐकलं नव्हतं. त्यांच्याऐवजी दुसरा कुणी असता तर दोन गोड शब्द बोलून गेला असता, आणि आबांची समजूत शाबूत राहिली असती. हा माणूस चांगला होता म्हणून खरं बोलला. त्याचा राग धरायचा तरी कसा?

आबा रागावले नाहीत. ते खुर्चीवरून उठले आणि मंत्र्यांना म्हणाले, "चाय पीके जाव, साब." त्यांच्या आवाजात कीव होती. आपल्या वडिलांनी देशाच्या मंत्र्याची कीव करावी आणि आपण ते बघत उभं राहावं, हे मला फार जड गेलं. मंत्र्यांनी चहा घेतला आणि आबांच्या खांद्यावर हात ठेवून ते बाहेर पडले.

बाहेर लोक जमलेले होते. गाड्या निघण्याआधी मला थोडा वेळ मिळाला म्हणून मी आबांच्या मागं गेले. एकानं विचारलं, "काय म्हणला मंत्री?"

आबा म्हणाले, "बगतो म्हणला. पुढच्या टायमाला आसं व्हणार न्हाई म्हणला."

लोकांचं समाधान झालं. ते पांगल्यावर काका हळू आवाजात म्हणाले, "खोटं कावून बोललास बे?"

"मंग काय सांगू? त्याच्या हातात काय न्हाई आसं सांगू?"

"खरं हाय ते सांग."

"लोकांनी कोणाकडं बघायचं मंग?"

काका त्यावर म्हणाले, "मी तर तुज्याकडं बघत व्हतो. मंत्र्याला मी कुटं वळखत व्हतो?"

आबांना हे लागलं. काका रागानं बोलले नव्हते. जे होतं तेच सांगितलं होतं. मला गाडीत बसायची हाक आली. मागच्या काचेतून मी पाहिलं तर दोघं पटांगणात उभे होते, एकमेकांपासून हातभर अंतरावर, आणि कुणीच निघत नव्हतं.

त्या साली मृगाच्या आधी लोक ओट्यावर आले तेव्हा आबांनी सांगितलं, "ज्याचं त्यानं बगावं. मला इचारू नका." लोकांना वाटलं, तब्येत बरी नसेल. पुढच्या सालीही तेच. हळूहळू ओट्यावरची माणसं कमी झाली. बियाण्याच्या दुकानदाराला विचारून लोक पेरू लागले. आबा स्वतःच्या रानात कापूस लावत आणि मधूनमधून तुरीचं तास, पूर्वीसारखंच. बातम्यांच्या वेळी ते उठून गोठ्यात जात. आईनं एकदा मुद्दाम रेडिओ मोठा केला, तर त्यांनी आतून ओरडून सांगितलं, "बंद कर ते."

काका मात्र यायचे राहिले नाहीत. पहिल्या साली आले, टोपी मांडीवर ठेवली आणि नेहमीसारखं विचारलं, "काय पेरायचं बे औंदा?"

आबा म्हणाले, "तू बाजरी लाव. बाकीचं तुजं तू बग."

"चाळीस साल सांगत आलास. एकडाव चुकला म्हून काय झालं? चुकीचं सांग, पर सांग."

आबांनी नकाराची मान हलवली. आई सांगते, काका त्या दिवशी बराच वेळ बसून राहिले. पाऊस, नातवंडं, एसटीच्या नव्या गाड्या असं काहीबाही बोलत राहिले आणि मग उठून गेले. त्यांनी बाजरी लावली. ती पिकल्यावर काकू आमच्याकडं नव्या बाजरीच्या भाकरी आणि ठेचा घेऊन आल्या. आबा जेवले. "भाकर चांगली झाली, वहिनी," म्हणाले. दोघांचं येणं-जाणं सुरू राहिलं, भांडण असं कधीच नव्हतं. पण काकांनी विचारायचं आणि आबांनी सांगायचं, हे जे त्यांच्यात होतं ते परत आलं नाही. लोकांना सांगणं ही आबांच्या आयुष्यातली मोठी गोष्ट होती. ती गेल्यावर त्यांच्याकडं काय उरलं ते मी विचारलं नाही. फोनवर मी तब्येत विचारायचे, पाऊस विचारायचे. ते विचारायचं राहून गेलं.

मंत्र्यांचं खातं पुढं बदललं. त्यांचा फोटो त्या भिंतीवर लागला तेव्हा मी तिथंच नोकरीला होते. मंत्रालयाच्या नावात आता 'शेतकरी कल्याण' असे शब्दही होते आणि आम्ही नवीन लेटरहेडवर तीच जुनी उत्तरं टाइप करत होतो. मला त्या फोटोचा मोबाइलवर फोटो काढून आबांना पाठवावासा वाटला. काढलाही. पाठवला नाही.

शेवटच्या आजारपणात आबा बीडला दवाखान्यात होते. मी रजा घेऊन आले होते. दुपारी वॉर्डातल्या टीव्हीवर नव्या मंत्र्यांच्या शपथविधीच्या बातम्या चालल्या होत्या. आबा डोळे मिटून पडले होते. त्यांना झोप लागली असेल असं समजून मी आवाज कमी करायला उठले.

"ऱ्हाऊ दे, माय," ते म्हणाले. थोड्या वेळानं त्यांनी विचारलं, "शेतीला कोण हाय आता?"

मी नाव सांगितलं.

"कुटला?"

मी राज्य सांगितलं. पूर्वी ते लगेच तिथलं पीक सांगायचे. आता त्यांनी माणसाचं विचारलं.

"मानूस कसा हाय?"

"बरा आहे म्हणतात."

"बराच आसतो," आबा म्हणाले. "मानूस बराच आसतो."

मग त्यांनी कूस बदलली आणि मला खिडकीचा पडदा ओढायला सांगितला, ऊन डोळ्यावर येत होतं. संध्याकाळी काका एसटीनं आले. रात्रभर मी बसतो, तू जरा झोप, असं त्यांनी मला सांगितलं. मी बाहेरच्या बाकावर आडवी झाले. आतून दोघांच्या बोलण्याचा आवाज येत होता. शाळेतल्या कुठल्याशा मास्तरांच्या गोष्टी निघाल्या होत्या आणि आबा, दम लागत असूनही, हसत होते. शेतीचं मात्र त्यांनी काही काढलं नाही.